अठरा अब्ज अब्ज ग्रहांचा खेळ : स्तुती किती खरी?

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. राजा खूश होऊन 'काय हवे ते माग' म्हणाला, तेव्हा बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या त्या विद्वानाने मागितले काय, तर पटाच्या पहिल्या घरासाठी गव्हाचा १ दाणा, दुसऱ्यासाठी २, तिसऱ्यासाठी ४ आणि असेच दुप्पट करीत ६४ व्या घरापर्यंत. राजा हसला. पण कोठारावरच्या कारकुनाने हिशेब मांडला आणि सर्वांचे चेहरे उतरले. राज्यातले सगळे धान्य आणूनही ती मागणी पुरी होणार नव्हती. सगळ्या घरांतील दाण्यांची बेरीज होते २ च्या ६४ व्या घातापेक्षा फक्त १ ने कमी.

पुढे याच संख्येने संगणकावरच्या एका खेळाची जाहिरात झाली. खेळाचे नाव 'नो मॅन्स स्काय'. इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील 'हॅलो गेम्स' या छोट्या कंपनीने तो तयार केला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तो बाजारात आला. या खेळात खेळाडू अंतराळयानात बसून ताऱ्याताऱ्यांमधून हिंडतो आणि वाटेल त्या ग्रहावर उतरतो. ग्रह किती? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. म्हणजे राजाच्या दाण्यांपेक्षा बरोबर एक जास्त!

डिसेंबर २०१३ मध्ये या खेळाची पहिली चित्रफीत दाखवली गेली, तेव्हापासून त्याचा गाजावाजा सुरू झाला. 'एक अख्खे विश्व' अशी त्याची कीर्ती झाली. ही स्तुती रास्त होती का? खेळ आवडणे किंवा न आवडणे ही ज्याची त्याची रुची आहे. परंतु 'इतके ग्रह', 'सगळे निराळे', 'जणू खरे विश्व' ही विधाने रुचीची नव्हेत. ती तपासता येतात. चला, तपासू या.

संख्या कोठून आली?

प्रथम हे पाहू की इतके ग्रह कोणी बसून तयार करू शकेल काय? एका ग्रहाला एक सेकंद दिला, तरी सुमारे ५८,५०० कोटी वर्षे लागतील. आपल्या विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे विश्वाच्या वयाच्या ४२ पट काळ! बरे, ग्रह तयार करून साठवावेत म्हटले आणि प्रत्येक ग्रहाच्या वर्णनाला फक्त १,००० अक्षरे दिली, तर एक टेराबाइट क्षमतेच्या १,८४४ कोटी चकत्या लागतील. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला दोनांहून अधिक. प्रत्यक्षात हा खेळ काही गिगाबाइटांत मावला होता.

यातली युक्ती सोपी आहे. ग्रह साठवलेलेच नाहीत. साठवली आहे ती ग्रह करण्याची कृती. तुम्ही २९ चा पाढा पाठ केला नसेल, पण २९ × ७ किती ते हवे तेव्हा काढू शकता. तसेच येथे आहे. प्रत्येक ग्रहाला एक क्रमांक असतो. त्याला आपण बीजसंख्या म्हणू. खेळाडू ग्रहाजवळ आला की संगणक त्या बीजापासून गणित करून ग्रह उभा करतो. खेळाडू दूर गेला की पुसून टाकतो. परत आला की तेच गणित, तोच ग्रह. बीजसंख्या ६४ द्विमान अंकांची आहे. प्रत्येक जागी ० किंवा १ असे दोनच पर्याय, म्हणून एकूण बीजे २ चा ६४ वा घात. ही प्रचंड संख्या कोणी कष्टाने कमावलेली नाही. वहीत ६४ चौकटी आखल्या, एवढाच तिचा अर्थ आहे.

वहीवरचा ग्रह

हे तुम्ही स्वतः करून पाहा. नियम असा : कोणतीही दोन अंकी संख्या घ्या, तिला २१ ने गुणा, ७ मिळवा आणि उत्तराचे शेवटचे दोन अंक ठेवा. पुन्हा तेच करा. २५ पासून सुरुवात केली तर २५ × २१ = ५२५, अधिक ७ म्हणजे ५३२; ठेवा ३२. पुढे ७९, ६६, ९३, ६०, ६७, १४, ०१, २८... अशी माळ मिळते. आता ठरवा की पहिली संख्या म्हणजे ग्रहाचा आकार, दुसरी उष्णता, तिसरी हिरवळ, चौथी डोंगरांची उंची. '२५ क्रमांकाचा ग्रह' म्हणजे आकार ३२, उष्णता ७९, हिरवळ ६६, डोंगर ९३. साताऱ्याच्या मुलीने आणि नागपूरच्या मुलाने एकमेकांना चिठ्ठीही न पाठवता हे गणित केले, तरी दोघांच्या वहीत हाच ग्रह येईल.

या संख्या वरवर पाहता कशाही आल्यासारख्या दिसतात. म्हणून त्यांना आभासी यदृच्छ संख्या म्हणतात. 'आभासी' का, ते त्यांच्याकडे जरा निरखून पाहिल्यावर कळेल. २५, ३२, ७९, ६६, ९३, ६०... विषम, सम, विषम, सम! एकं स्थानचा अंक तर दर वेळी ३ ने कमी होत जातो : ५, २, ९, ६, ३, ०, ७. शंभर पायऱ्यांनी माळ फिरून २५ वर येते. आपण नियम फारच साधा घेतला, म्हणून त्याची शिवण लगेच दिसली. खऱ्या खेळातील गणित याहून पुष्कळ पक्के असते.

डोंगर कसे उभे राहतात?

नुसत्या यदृच्छ संख्यांनी डोंगर होत नाहीत, काट्याकुट्यांचे रान होते. येथे केन पर्लिन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाची पद्धत उपयोगी पडते. १९८२ च्या 'ट्रॉन' या चित्रपटातील संगणकचित्रे फार यांत्रिक दिसतात असे त्याला वाटले आणि १९८३ मध्ये त्याने नैसर्गिक दिसणारा खडबडीतपणा निर्माण करण्याची रीत बसवली. तिच्यासाठी १९९७ मध्ये त्याला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले.

कल्पना अशी : दर किलोमीटरला एक खांब रोवा. खांबांच्या उंच्या आपल्या माळेतून घ्या आणि टोके गुळगुळीत वक्राने जोडा. झाल्या मोठ्या टेकड्या. मग दर शंभर मीटरला खांब रोवा, पण उंची एक दशांश. त्याने टेकड्यांवर उंचवटे आले. मग दर दहा मीटरला. सगळे वक्र एकमेकांवर रचले की डोळ्यांना खरा वाटेल असा प्रदेश तयार होतो. या पद्धतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये वापरल्या आहेत. सुमारे पंधरा माणसांच्या चमूने हे सारे इतक्या वेगाने चालवून दाखवले की यान आकाशातून थेट जमिनीवर उतरते, मध्ये कोठेही थांबावे लागत नाही. या कारागिरीची स्तुती शंभर टक्के रास्त आहे.

दाणा दाण्यासारखा नसतो, तरीही...

आता दुसरे विधान : सगळे ग्रह निराळे. राजाच्या कोठारातला गव्हाचा कोणताही एक दाणा दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो. वजन, लांबी, रंग यांत सूक्ष्म फरक असतोच. म्हणून पोते उघडून दाणे बघत बसणारा कोणी पाहिला आहे काय? निराळे असणे आणि निराळे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, प्राणी तयार करायला १० डोकी, १० धडे, १० पाय, १० शेपट्या आणि १० रंग दिले. जोड्या होतात १० चा ५ वा घात, म्हणजे एक लाख. जाहिरातीत 'एक लाख प्राणी' असे छापता येईल, आणि ते खोटेही नसेल. पण पंधरा-वीस प्राणी पाहिल्यावर तुमच्या ध्यानात येते, 'अरे, हे डोके मघाचेच की!' शोभादर्शकाचे, म्हणजे कॅलिडोस्कोपचे, असेच असते. बांगड्यांच्या मूठभर काचांतून अगणित नक्ष्या होतात, परंतु अर्ध्या तासाने आपण तो बाजूला ठेवतो. मेंदू नक्ष्या मोजत नाही, तो नियम शोधतो. नियम सापडला की पुढची नक्षी त्याला नवी राहत नाही.

खेळाडूंचे नेमके हेच झाले. 'स्टीम' या विक्रीकेंद्रावर प्रकाशनाच्या वेळी दोन लाखांहून अधिक लोक एकाच वेळी हा खेळ खेळत होते. काही आठवड्यांत त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक निघून गेले. ग्रह संपले नव्हते; नवल संपले होते.

गंमत अशी की हा धडा जुनाच होता. १९८४ मध्ये इंग्लंडमध्येच डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी 'एलिट' नावाचा अंतराळातला खेळ केला. तोही बीजसंख्येच्याच युक्तीवर चाले. त्यांना २ च्या ४८ व्या घाताइतक्या आकाशगंगा देता आल्या असत्या. परंतु एवढा आकडा सांगितला तर सारे कृत्रिम असल्याचे उघडे पडेल, असे प्रकाशकांना वाटले. शेवटी ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे ठेवले. तो खेळ आजही नावाजला जातो.

भौतिकशास्त्राची कसोटी

तिसरे विधान : जणू खरे विश्व. या खेळातले ग्रह ताऱ्याभोवती फिरत नाहीत. जागच्या जागी टांगलेले असतात. आपल्याला केप्लर आणि न्यूटन यांनी शिकवलेले आहे की असा ग्रह सरळ ताऱ्यात जाऊन पडेल. शेजारचे ग्रह आकाशात भलेमोठे दिसतात. चित्र सुंदर दिसते, पण हिशेब करू. आपला चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. तो १० अंश दिसायचा तर २० पट जवळ आणावा लागेल. भरती-ओहोटी घडवणारे बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ते २० × २० × २० = ८,००० पट होईल. अशा आकाशाखाली शांत समुद्रकिनारा असणे शक्य नाही.

२०१६ च्या आवृत्तीत एका ग्रहावर एकच हवामान असे : सगळे वाळवंट किंवा सगळा बर्फ. खरा ग्रह गोल असतो, म्हणून सूर्याचे किरण विषुववृत्तावर सरळ आणि ध्रुवांवर तिरपे पडतात. हवामान वेगवेगळे होण्याला एवढे एक कारणही पुरते. शिवाय निसर्गात एका गोष्टीचा धागा दुसरीत गुंतलेला असतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला जवळच असलेल्या वाईला त्याचा लहानसा अंश, कारण वाई सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. डोंगरामुळे पाऊस, पावसामुळे नदी, नदीमुळे दरी, दरीमुळे पुन्हा वारा. आपल्या वहीवरच्या ग्रहात मात्र डोंगर ९३ आणि हिरवळ ६६ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. निसर्गाचे मूळ नियमही थोडेच आहेत, पण तेथे प्रत्येक वस्तू दुसरीवर परिणाम करते आणि हे अब्जावधी वर्षे चालू आहे. खरी विविधता त्या देवाणघेवाणीतून येते. बीजे कितीही वाढवली तरी ती येत नाही.

मग स्तुती रास्त की अवास्तव?

प्रकाशनाच्या पहिल्याच दिवशी एक नकळत घडलेला प्रयोग झाला. दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी गेले. दोघांना जमीन तीच दिसली. सूत्र अचूक ठरले. परंतु एकमेकांना ते दिसेनात! कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांनी आधीच्या मुलाखतींत सांगितले होते की अशी भेट होऊ शकेल, मात्र जग इतके मोठे आहे की शक्यता फार कमी. मोठ्या आकड्याआड एक उणीव झाकली गेली होती. लोक रागावले. जाहिरातींविरुद्ध ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेकडे तक्रारी गेल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या संस्थेने जाहिराती दिशाभूल करणाऱ्या नाहीत असा निर्णय दिला.

पुढे कंपनीने फारसे न बोलता काम केले. नोव्हेंबर २०१६ पासून एकामागून एक सुधारणा विनामूल्य दिल्या. जुलै २०१८ च्या सुधारणेनंतर खेळाडू खरोखर एकमेकांना भेटू लागले. २०२० मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात सतत चालू राहणाऱ्या खेळांतील सर्वोत्तम म्हणून याच खेळाला पारितोषिक मिळाले. ग्रहांची संख्या तेव्हाही तीच होती. वाढले होते ते नियम, वस्तूंचे परस्परसंबंध आणि माणसांना एकत्र करण्यासारखे काही.

तेव्हा आपला निकाल असा. संख्येची स्तुती पोकळ, कारण ती ६४ चौकटींची करामत आहे. कारागिरीची स्तुती रास्त. 'खरे विश्व' ही स्तुती अवास्तव. आणि २०१६ नंतर चिकाटीने केलेल्या कामाची स्तुती कष्टाने मिळवलेली, म्हणून सर्वांत खरी.

यापुढे एखाद्या जाहिरातीत मोठा आकडा दिसला की दोन प्रश्न विचारा : हा आकडा कोठून आला? आणि त्याने काय बदलते? वहीवर आणखी एक प्रयोगही करा. आपल्या नियमातले २१ आणि ७ बदलून पाहा. कोणत्या आकड्यांनी माळ शंभर पायऱ्या चालते आणि कोणत्यांनी लवकर फिरून येते, ते वर्गात ताडून बघा. त्यासाठी संगणक लागत नाही, पेन्सिल पुरे.