हृदयाचे ऑपरेशन आणि डोळ्यांची नजर

अँजिओप्लास्टी किंवा बायपास सुखरूप पार पडली की घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव येतो. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, 'छातीत दुखत नाही ना?' 'नीट दिसते ना?' असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. नेत्रतज्ज्ञ म्हणून मला आज या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

हृदयावरील उपचारांनंतर नजर जाणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, हे आधीच सांगते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या १९९८ ते २०१३ या काळातील नोंदींवरून, हृदयशस्त्रक्रिया झालेल्या दर १०,००० रुग्णांमध्ये सुमारे ८ जणांच्या दृष्टिपटलाची रक्तवाहिनी बंद झाल्याचे दिसले. तेव्हा या भीतीने ऑपरेशन टाळणे शहाणपणाचे नाही. मात्र काय होऊ शकते, हे ठाऊक असावे.

हृदयाचा आणि डोळ्याचा संबंध काय? हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या शाखा मानेतून वर जातात आणि तेच रक्त डोळ्यापर्यंत पोचते. वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांमुळे महाधमनीच्या आत चरबीचे आणि कॅल्शियमचे थर साचतात. मनगटातून किंवा जांघेतून घातलेली बारीक नळी याच वाटेने हृदयाकडे जाते. बायपासमध्ये अनेकदा महाधमनीला चिमटा लावावा लागतो. अशा वेळी एखादा कण सुटतो किंवा गुठळी होते. ती दृष्टिपटलाच्या रक्तवाहिनीत अडकली, की त्या डोळ्यापुढे अचानक अंधार होतो. दुखत मात्र काहीच नाही, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो.

दृष्टिपटल रक्ताविना किती वेळ तग धरते? डॉ. सोहनसिंग हायरे यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत सुमारे दीड तासापर्यंत ते सावरत होते. चार तासांनंतर मात्र मोठे आणि कायमचे नुकसान झालेले होते. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये या आजाराला पक्षाघाताचाच प्रकार मानून तातडीने हालचाल करण्यास सांगितले. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांत देण्याचा विचार होतो. मोठ्या ऑपरेशननंतर रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ते बहुधा देता येत नाही, हेही खरे. तरीही निदान लगेच व्हायला हवे, कारण पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते.

नजर जाण्याची कारणे आणखीही आहेत. लांबलेले ऑपरेशन, बराच रक्तस्राव, उतरलेला रक्तदाब यांमुळे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला रक्त कमी पडते. हे कधी शुद्धीवर आल्यावर, तर कधी काही दिवसांनी लक्षात येते. गुठळी मेंदूच्या मागच्या भागात गेली, तर दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची निम्मी नजर जाते. रुग्ण सांगतो, 'उजव्या डोळ्याने दिसत नाही.' प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांना उजवीकडचे दिसत नसते. चालताना दाराची चौकट त्याच बाजूला लागते. क्वचित अँजिओग्राफीतील औषधामुळे, म्हणजे 'डाय'मुळे, दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे होते. ही नजर बहुतेक वेळा काही तासांत किंवा दिवसांत परत येते. पण कारण नेमके कोणते, हे मेंदूचा स्कॅन केल्याशिवाय ठरवता येत नाही.

मग आपण काय करायचे? ऑपरेशनपूर्वीच डॉक्टरांना सांगा: कधी काही क्षण डोळ्यापुढे पडदा आला होता का, काचबिंदू आहे का, पक्षाघात झाला होता का. रुग्णाचा चष्मा घरी ठेवू नका, उशाशी ठेवा. रुग्ण नीट शुद्धीवर आला की एकेक डोळा झाकून भिंतीवरचे घड्याळ वाचायला सांगा. पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ हे करा. दोन्ही डोळे उघडे असले, तर एक गेल्याचे कळतही नाही.

फरक वाटला तर 'अशक्तपणा असेल', 'भूल उतरली नसेल', 'मोतीबिंदू वाढला असेल' असे म्हणून सकाळची वाट पाहू नका. नर्सला, डॉक्टरांना त्याच क्षणी सांगा आणि शेवटचे नीट कधी दिसत होते, ती वेळ सांगा. घरी आल्यावर असे झाले, तर चष्म्याच्या दुकानात न जाता जिथे स्कॅनची सोय आहे, अशा रुग्णालयात जा. गेलेली नजर दर वेळी परत मिळेल, असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण दुसरा डोळा आणि मेंदू वाचवण्याची संधी त्या पहिल्या काही तासांतच असते.