पाचटावरची छत्री तण नव्हे

शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात उसाची तोड झाल्यावर पाचट पेटवले नाही, तर पावसाळ्यात खोडव्याच्या सरीत छत्र्या उगवलेल्या दिसतात. पुष्कळजण त्या तण समजून उपटून टाकतात. पण तण ही वनस्पती असते आणि अळंबी वनस्पतीच नव्हे, ती बुरशी आहे.

छत्रीखालचे ओले पाचट हलकेच उचलून पाहा. कुजक्या पात्यांना पांढऱ्या तंतूंचे जाळे चिकटलेले दिसेल. खरा जीव तो. वर आलेली छत्री फक्त बीजाणू उधळण्यापुरती. हे तंतू म्हणजे अळंबीची मुळे, हा सर्रास आढळणारा गैरसमज. वनस्पतीची मुळे पाणी आणि क्षार ओढतात, अन्न मात्र पाने उन्हाच्या मदतीने तयार करतात. बुरशीला अन्न तयार करताच येत नाही. ती पाचटावर विकरे सोडते, बाहेरच त्याचे पचन करते आणि विरघळलेला अंश शोषून घेते. उपटल्याने ती मरत नाही, आणि तिचे काम चालू राहण्यातच शेताचा फायदा आहे, कारण पाचटाचे खत होते ते याच कामातून.

‘अंधारात वाढते म्हणून पांढरी पडते’ हेही खरे नाही. तिच्यात हरितद्रव्यच नसते. उन्हात ठेवली तरी ती हिरवी होणार नाही. उलट धिंगरी या खाण्याच्या अळंबीला थोडा उजेड लागतो, नाहीतर देठ लांबतात आणि टोपी लहान राहते.

हा फरक किती मूलभूत आहे, ते औषधांच्या दुकानात कळते. उसातल्या तणावर मारतात ते अॅट्राझिन प्रकाशसंश्लेषण बंद पाडते. बुरशीत ती क्रियाच नाही, म्हणून उसावरचा तांबेरा हा बुरशीचा रोग त्याने जात नाही. तांबेऱ्यासाठी प्रोपिकोनॅझोल लागते. ते अर्गोस्टेरॉल बनू देत नाही. बुरशीच्या पेशीपटलाला अर्गोस्टेरॉल लागते, आपल्या पेशींना कोलेस्टेरॉल. बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची, म्हणजे खेकड्याच्या कवचातल्या पदार्थाची, आणि साठवणीचे अन्न ग्लायकोजेन, आपल्या यकृतात असते तेच. जीवशास्त्रज्ञ लिनियसने अठराव्या शतकात बुरशींना वनस्पतींत बसवले होते. १९६९ मध्ये जीवशास्त्रज्ञ व्हिटेकरने त्यांना स्वतंत्र सृष्टी दिली, आणि १९९३ मध्ये रेणवीय अभ्यासांतून त्यांचे नाते प्राण्यांशी अधिक जवळचे असल्याचे दिसले.

मग अळंबी मांसाहार ठरते का? नाही. नाते जवळचे असले तरी ती प्राणी नाही.

‘मशरूम शेणात वाढतात’ म्हणून नाक मुरडणारेही आहेत. धिंगरी गव्हाच्या, भाताच्या किंवा सोयाबीनच्या निर्जंतुक केलेल्या काडावर वाढते. बटण मशरूमच्या कंपोस्टमध्ये कोंबडीखत असते, पण ते आधी कुजवून, वाफेने तापवून घेतात. शिकायचे असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे.

सगळ्यात घातक समज शेवटी सांगतो. भाजीत चांदीचे नाणे काळे पडले नाही, किंवा छत्री किड्यांनी खाल्लेली असली, की ती बिनविषारी, असे मानतात. या दोन्ही कसोट्या खोट्या आहेत. काही अळंबींचे विष शिजवूनही जात नाही आणि त्याची लक्षणे सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. तोवर यकृतावर घाला पडलेला असतो. जाणकाराने खात्री दिल्याशिवाय बांधावरची छत्री खाऊ नका. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले, तर उरलेली अळंबी सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.