नळीतला पीळ

१९५५ साली अमेरिकेत एकाच व्यासाची दोन नवी काडतुसं बाजारात आली, विंचेस्टरचं पॉइंट २४३ आणि रेमिंग्टनचं पॉइंट २४४. नावं वेगळी असली तरी गोळी दोन्हींत ०.२४३ इंचांचीच. विंचेस्टरच्या नळीत गोळी दहा इंच पुढे सरकली की स्वतःभोवती एक फेरा पुरा करायची. रेमिंग्टनच्या नळीत त्याच फेऱ्याला बारा इंच लागायचे. रेमिंग्टनने डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या ७५ ते ९० ग्रेनच्या हलक्या गोळ्या. शिकारी मात्र हरणासाठी १०० ग्रेनची गोळी मागत होते आणि बारा इंचांच्या पिळातून ती भरवशाने सरळ जाईना. रेमिंग्टनने पुढे पीळ नऊ इंचांवर आणला, १९६३ मध्ये काडतुसाला '६ एमएम रेमिंग्टन' असं नवं नावही दिलं, पण तोवर गिऱ्हाईक विंचेस्टरकडे गेलं होतं. दोन इंचांनी एक चांगलं काडतूस मागे पडलं.

रायफलीच्या नळीत आतून जे तिरके आटे कोरलेले असतात, त्यांचा हा पीळ. गोळीला फिरवणं हे त्याचं एकच काम. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा वेग असेपर्यंत आरीवर ताठ उभा राहतो आणि वेग ओसरला की डुलायला लागतो, तशीच गोळीही. फेरे कमी पडले तर समोरची हवा तिचं नाक उचलते, ती कोलांट्या खाते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडव्या गोळीच्या आकाराची चीर उमटते.

नेमबाज बोलताना वजन सांगतात, '६८ ग्रेनला १४चा पीळ, १०५ ग्रेनला ८चा'. पण पिळाला खरी पर्वा असते ती लांबीची. व्यास तोच आणि आत शिसंच असेल, तर वजन वाढवायला गोळी लांब करण्यावाचून उपाय नाही, म्हणून वजनाची भाषा चालून जाते. तांब्याच्या भरीव गोळीपाशी ती फसते. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते आणि जास्त घट्ट पीळ मागते. वूलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये हे एका ओळीत बसवलं. १५० ला गोळीच्या व्यासाच्या वर्गाने गुणा आणि लांबीने भागा, सगळं इंचांत. आलेलं उत्तर म्हणजे पीळ. वेगवान गोळीसाठी १५० च्या जागी १८० घेतात. पॉइंट टू-टूची शिशाची गोळी अर्ध्या इंचाहून थोडी आखूड असते. तिच्यासाठी हिशेब केला की सोळाच्या आसपास आकडा येतो, आणि जगभर पॉइंट टू-टूच्या नळ्यांना साधारण तेवढाच पीळ असतो. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्यपदक आणलं, ते याच जातीच्या काडतुसावर.

मग पीळ हवा त्याहून घट्टच ठेवला तर? शिकाऱ्याचं आणि सैनिकाचं त्याने फारसं बिघडत नाही. बेंचरेस्टवाल्याचं बिघडतं. या खेळात रायफल दगडी किंवा काँक्रीटच्या बाकावर, पुढे टेकू आणि मागे वाळूची पिशवी अशी ठेवतात. माणसाचा हात शक्य तितका बाजूला काढतात आणि शंभर यार्डांवर पाच गोळ्या एकाच भोकात घालण्याची धडपड करतात. १९७३ मध्ये मॅक मॅकमिलन यांच्या पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, ०.००९ इंच भरला, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. इथे गोळीतला बारीकसा दोषही महाग पडतो. समजा, तांब्याच्या आवरणात शिसं जरासं एका बाजूला बसलं आणि गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून अडीच मायक्रॉन सरकला, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतका. नळीत असेपर्यंत गोळी जखडलेली असते. तोंडाशी सुटताक्षणी ती जड बाजूच्या फेऱ्याच्या ओघात आडवी ढकलली जाते. १४च्या पिळात हा धक्का शंभर यार्डांवर चार मिलिमीटरचा होतो, ८च्या पिळात सात मिलिमीटरचा. आणि प्रत्येक गोळीची जड बाजू वेगळ्याच दिशेला असते.

म्हणून या खेळातली माणसं पुरेल तेवढाच पीळ घेतात, त्याहून रतीभर जास्त नाही. त्यांचं हे काटेकोरपण मला फार मोलाचं वाटतं. लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७५ मध्ये घडवलेलं ६ पीपीसी काडतूस आजही जवळच्या पल्ल्यावर राज्य करतं. त्याची गोळी सपाट बुडाची, आखूड, ६५ ते ६८ ग्रेनची आणि नळीचा पीळ साडेतेरा किंवा चौदा. एवढ्या सैल पिळातही ती सेकंदाला सत्तावीसशेच्या वर फेरे घेत बाहेर पडते. हजार यार्डांवर मात्र गणित उलटतं. तिथे वारा हा खरा शत्रू, त्याला कापायला १०५ ग्रेनची लांब, निमुळती गोळी लागते आणि तिच्यासाठी आठचा पीळ मुकाट पत्करावा लागतो.

काठावरच्या पिळाला बिघडवायला हवाही पुरते. साठच्या दशकात एम-१६ रायफलीचा १४चा पीळ कडाक्याच्या थंडीतल्या दाट हवेत अपुरा पडला आणि तो १२वर आणावा लागला. बेंचरेस्टवाले हे जाणून असतात. उन्हाळ्यात नेटका ग्रुप देणारी नळी थंडीच्या सकाळी ग्रुप पसरवू लागली, तर संशय आधी पिळावर.

नळीवर छापलेल्या आकड्यावरही ते विसंबत नाहीत. साफसफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत घालायचा, मुठीजवळ गजावर खूण करायची आणि सावकाश ढकलत जायचं. मोकळ्या मुठीत गज आट्यांबरोबर वळत जातो. खूण फिरून वर आली की थांबायचं आणि गज किती आत गेला ते मोजायचं. १४ छापलेल्या नळीत कधी पावणेचौदा भरतात. मग दोन-तीनदा मोजून तो आकडा वहीत लिहितात आणि गोळ्यांची पेटी त्यानंतर उघडतात.