लढाईच्या पैशातली अभ्यासिका

उर्बिनो (इटली) : फ्लॉरेन्स बघून परतणारे आपले लोक मला हमखास सांगतात, ‘काय ते सरदार, काय त्यांची रसिकता!’ त्यांना हाताला धरून उर्बिनोला आणावंसं वाटतं. इथे रेल्वे नाही, पेसारोहून बसने डोंगर चढावा लागतो.

इथला ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो (१४२२–१४८२) पेशाने भाडोत्री सेनापती. नेपल्स, मिलान, पोप, फ्लॉरेन्स, ज्याच्याशी करार त्याच्यासाठी लढाई. त्या मोबदल्यातून त्याने राजवाडा बांधला, पिएरो देल्ला फ्रान्चेस्काकडून चित्रं करून घेतली आणि ग्रंथालयावर तीस हजार दुकातींहून जास्त खर्च केला. हा आकडा त्याला पुस्तकं पुरवणाऱ्या वेस्पासियानोनेच लिहून ठेवला आहे. १४७२ मध्ये त्याने फ्लॉरेन्ससाठी वोल्तेरा घेतलं. शहर शरण आलं, तरी लुटलं गेलं. तिथल्या एका ज्यू गृहस्थाची हिब्रू हस्तलिखितं त्या लुटीतून याच्या ग्रंथालयात आली.

राजवाड्यातली त्याची अभ्यासिका अगदी लहान आहे. भिंतींवर रंगीत लाकडाचे तुकडे बसवून अर्धवट उघडी कपाटं, वाद्यं, पुस्तकं, फळांची टोपली, शेजारी खार, असं सगळं केलंय. हात लावला तर सपाट लाकूड. मी गेलो तेव्हा एक शिक्षिका मुलांना विचारत होत्या, ‘याचे पैसे कुठून आले?’ एका मुलीने भिंतीतल्या चिलखताच्या कपाटाकडे बोट दाखवलं. मग शिक्षिकेने वोल्तेराची लूट सांगितली, आवाज न बदलता.

मला हेवा वाटला तो इथे. आपल्याकडे शाळेची सहल वाईजवळच्या मेणवलीला जाते, नाना फडणवीसांचा वाडा बघते. भित्तिचित्रं सुंदर आहेत. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेत वसईहून आलेली घंटाही अभिमानाने दाखवतात, आणि दाखवावीच. ‘स्वदेस’चं चित्रीकरण घाटावर कुठे झालं तेही कळतं. पण रंगाऱ्याला काय मिळालं, मोहिमेला कर्ज कोणत्या सावकाराने दिलं, ते फिटलं कशातून, हे कुणी विचारतच नाही. आपल्या माणसांनी हिशेब ठेवले नाहीत म्हणावं, तर पुण्याच्या दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून पडलेत! पेशवाईतला कारकून काटेकोर होता. मोडी वाचणारे आपणच उरलो नाही, याचा मला मनापासून राग येतो.

चिडचिड इटलीवरही होते. फेदेरिकोची हस्तलिखितं १६५७ मध्ये पोपने रोमला नेली. ज्या वाड्यासाठी ती जमवली, तिथे ती नाहीत. गुब्बिओतली त्याची दुसरी अभ्यासिका तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. इथला एक मित्र यावर हळहळत होता, तेव्हा मी त्याला तंजावर सांगितलं. सरफोजीराजांचं ग्रंथालय, सरस्वती महाल, आजही तंजावरातच आहे, पोथ्यांसकट. त्याने लगेच विचारलं, ‘पैसे कुठले?’ मला उत्तर देता आलं : १७९९ मध्ये इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला, बदल्यात वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. लढाईच उरली नव्हती, तर राजा पुस्तकं विकत घेत राहिला. सरस्वती महालच्या दाराशी हे मराठीत आणि तमिळमध्ये ठळक लिहिलेलं मला बघायचं आहे, आणि मेणवलीत शाळेच्या मुलांना रंगाऱ्याची मजुरी सांगणारी एखादी शिक्षिकाही.