एका नायट्रो गटाची वंशावळ

जुलाबावर डॉक्टर हमखास लिहून देतात ती मेट्रोनिडाझोलची गोळी कडू तर असतेच, वर तोंडात धातूसारखी चव रेंगाळत राहते. तिचं मूळ औषधी द्रव्य, म्हणजे कारखान्यांच्या बोलीत ‘बल्क ड्रग’, बनवणाऱ्यांत तारापूर एमआयडीसीतली आरती ड्रग्ज आहे. इमिडाझोल हे पाच अणूंचं छोटं कडं. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात त्याच्यावर नायट्रो गट बसवायचा, हा या औषधाच्या रसायनातला कळीचा टप्पा. नायट्रेशनला उष्णता जोरात सुटते. रिॲक्टर वेळेवर थंड झाला नाही तर बॅच हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. एवढा जोखमीचा खटाटोप त्या एका गटासाठी, कारण औषधाचं काम तोच करतो.

गोळी पोटात जाते तेव्हा हा गट निष्क्रिय असतो. ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू त्याला इलेक्ट्रॉन देतात, तो चिडतो आणि जंतूचा डीएनए तोडतो. आपल्या पेशीही इलेक्ट्रॉन देतात, पण तिथला ऑक्सिजन तो लगेच काढून घेतो. टीबीचा जंतू ऑक्सिजनवर वाढतो, त्यामुळे वाढत्या जंतूवर मेट्रोनिडाझोलचा उपयोग नाही.

उपयोग होईल अशी भावंडं सापडली ती तारापूरच्याच पश्चिम रेल्वेवर, गोरेगावला. तिथलं सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र १९६३ साली सुरू झालं. के. नागराजन आणि त्यांचे सहकारी तिथे नायट्रोइमिडाझोलं बनवून तपासत होते. इमिडाझोलला आणखी एक पाच अणूंचं कडं जोडलेले काही रेणू टीबीवर चालतात, असं त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलं. त्यातल्या ‘सीजीआय १७३४१’वर १९९३ साली डी. आर. आष्टेकर आणि इतरांचा निबंध आला: इतर औषधांना न जुमानणारे टीबीचे जंतूही त्याने मरत होते. पण चाचणीत तो जनुकांत बदल घडवतो असं दिसलं. असं औषध महिनोन्‌महिने माणसाला कोण देणार? रेणू बाजूला पडला. तो निर्णय योग्यच होता. खंत एवढीच की पुढची पायरी इथे चढली गेली नाही.

ती चढली सिॲटलच्या पॅथोजेनेसिस कंपनीने. जोडलेलं कडं पाचाऐवजी सहा अणूंचं केलं, त्याला फ्लोरिन असलेली लांब शेपटी लावली, आणि जनुकांना धोका नसलेला ‘पीए-८२४’ २००० साली ‘नेचर’मध्ये झळकला. जपानच्या ओत्सुकाने पाचाचंच कडं ठेवलं, शेपटी मात्र चांगली जाडजूड लावली. तेही साधलं, ते डेलामनिड. पीए-८२४ पुढे टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेकडे आला, प्रेटोमनिड झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याला अमेरिकेची मंजुरी मिळाली. बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड या औषधांच्या जोडीने दिल्यावर अतिचिवट टीबीच्या १०९ रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के बरे झाले. या तिघांत मॉक्सिफ्लॉक्सासिन मिळवून होणारा सहा महिन्यांचा उपचार भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केला. आधी हेच दुखणं वीस महिन्यांपर्यंत औषधं खायला लावत असे.

प्रेटोमनिडला जागं करतं ते टीबीच्या जंतूचंच एक विकर. ते नायट्रो गट मोडतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि जंतूची श्वसनसाखळी गुदमरते. त्यामुळे वाढ थांबवून दडून बसलेला जंतूही सुटत नाही. पण जंतूलाही पळवाट आहे: उत्परिवर्तनाने ते विकर बिघडलं की औषध झोपलेलंच राहतं. डेलामनिडलाही तेच विकर जागवतं, म्हणून एकाला दाद न देणारा जंतू बहुधा दुसऱ्यालाही देत नाही. प्रेटोमनिड एकटं देत नाहीत ते यासाठी.