कंदातून हिंडणारा जगाचा नागरिक

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा हे तालुके आणि तापीकाठाने पश्चिमेस गेल्यावर धुळे जिल्ह्यातील शिरपूर, हा सारा केळीचा मुलूख. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या बागेला येथे मृगबाग म्हणतात, तर पावसाळा सरल्यावर लावलेल्या बागेला कांदेबाग. आपण खातो त्या केळीत रुजणारे बी नसते. म्हणून जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेले मुनवे कंदासकट खणून काढायचे आणि तेच नव्या शेतात लावायचे, ही परंपरागत रीत. हे बेणे पूर्वी बैलगाडीने शेजारच्या गावी जाई. पुढे ते मालमोटारींत भरून जिल्ह्याबाहेर जाऊ लागले. या बेण्याबरोबर एक फुकट्या प्रवासीही जाऊ शकतो. तो म्हणजे केळीचा कंद पोखरणारा सोंडकिडा.

त्याला आपण किडा म्हणत असलो, तरी तो भुंगेऱ्यांच्या वर्गातला आहे. लांबी सुमारे एक ते दीड सेंटिमीटर, रंग काळा, पाठ टणक आणि तोंड पुढे सोंडेसारखे निमुळते. दिवसा तो झाडाच्या बुंध्याशी ओलसर पाचोळ्याखाली दडून बसतो व रात्री बाहेर पडतो. हात लावला की पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो! 1824 साली गेर्मार या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव आहे कॉस्मोपोलिटिस सॉर्डिडस. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ जगाचा नागरिक, आणि दुसऱ्याचा अर्थ मळकट.

आता गंमत पाहा. या जगाच्या नागरिकाला पंख आहेत, पण तो क्वचितच उडतो. चालण्यातही तो असा मंद की, कित्येक महिने काही मीटरांच्या टापूतच घुटमळतो. मादी आठवड्याला एखाद-दुसरेच अंडे घालते. असे असूनही आग्नेय आशियाच्या बाजूचा हा मूळ रहिवासी ऑस्ट्रेलिया, पूर्व आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि ब्राझील येथपर्यंत पोहोचला आहे. समुद्र तो कसा ओलांडतो? उत्तर बेण्यात आहे. मादी कंदाला सोंडेने बारीक भोक पाडते आणि पृष्ठभागाखाली एक-दोन मिलिमीटरवर अंडे ठेवते. आठवडाभरात अळी बाहेर पडते व कंद पोखरत आत शिरते. असा कंद वरून निरोगी दिसतो. तो कोणी जहाजात ठेवला की आतली अळीही निघाली परदेशी.

या प्रकारात आपण केवळ सोसणारे नाही, पाठवणारेही आहोत. नारळाचा आणि खजुराचा तांबडा सोंडकिडा हा मूळचा दक्षिण व आग्नेय आशियातला. 1980 नंतरच्या दशकात तो आखाती देशांत आणि 1990 नंतर इजिप्त व स्पेनमध्ये पोहोचला. मोठे साधन होते लावणीसाठी हलवलेली खजुराची रोपे व झाडे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत 1916 साली जपानी भुंगेरे सापडले. आयरिस या फुलझाडाच्या कंदांसोबत ते जपानहून आले असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. आपल्या देशात अशा वाहतुकीला आळा घालण्यासाठी 1914 साली कायदा झाला आणि 2003 साली आयातीसंबंधी नवा आदेश निघाला. पण बंदरावरचा तपासनीस रावेरहून शिरपूरला निघालेली मालमोटार थोडाच पाहणार? स्वच्छ बागेच्या दृष्टीने शेजारच्या गावचा सोंडकिडाही परदेशीच.

खानदेशच्या केळीचा हा पहिल्या क्रमांकाचा शत्रू नव्हे, हे सांगायला हवे. करपा आणि विषाणूजन्य रोगांनी येथे अधिक चिंता वाहायला लावली आहे. मात्र हा किडा बागेत वाढला की कंद बोगद्यांनी पोकळ होतो आणि मुळांचा आधार तुटतो. मग घडाच्या वजनाने वाकलेले झाड मे-जूनच्या वावटळीत मुळासकट उलथते. दोष वाऱ्यावर जातो. खरे कारण पाहायचे, तर पडलेल्या झाडाचा कंद आडवा कापावा. त्यात काळपट भुयारे दिसली, तर वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला असे समजावे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, कीटकशास्त्रात माझा अधिकार नाही. पण बेणे स्वच्छ करण्याचा जो एक जुना उपाय आहे, तो सरळसरळ आमच्या उष्णतेच्या प्रकरणातला आहे. कंदाची मुळे आणि वरची साल तासून काढायची व तो सुमारे 54 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात 20 मिनिटे बुडवायचा. पाणी फार गरम झाले तर कोंब मरतो, गार राहिले तर कीड जगते.

आता या 20 मिनिटांत उष्णता किती खोल जाते? कंदात पाणीच जास्त, तेव्हा तो उष्णतेच्या बाबतीत जवळजवळ स्थिर पाण्यासारखा वागतो. अशा पदार्थात उष्णता एका मिनिटात अंदाजे 3 मिलिमीटर शिरते. मग 20 मिनिटांत 60 मिलिमीटर? नाही! ही खोली काळाच्या नव्हे, काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. 20 चे वर्गमूळ सुमारे साडेचार. म्हणजे खोली 13 मिलिमीटर. तेथेही तापमान पूर्ण चढत नाही, फरकाच्या निम्मेच चढते. कंद आधी 28 अंशांवर असेल, तर 13 मिलिमीटर खोलीवर 41 अंशांच्या आसपास. दोन मिलिमीटरवर मात्र ते 51 च्या पुढे जाते. म्हणून सालीलगतची अंडी मरतात, पण खोल गेलेल्या पुष्कळ अळ्या वाचतात. दुप्पट खोली गाठायची तर चौपट वेळ, म्हणजे 80 मिनिटे हवीत, आणि तोवर कोंब शिजून जाईल. आधी कंद तासण्याचे महत्त्व येथे कळते. तासल्याने वरची अंडी जातातच, शिवाय भुयारे उघडी पडतात आणि असा कंद बाजूला टाकता येतो.

हे घरी पाहायचे असेल तर दोन मोठे, सारख्या आकाराचे बटाटे घ्या. उकळत्या पाण्यात एक 5 मिनिटे ठेवा, दुसरा 20 मिनिटे. लगेच थंड पाण्यात टाकून मधोमध कापा. कडेला शिजलेल्या भागाचे अर्धपारदर्शक कडे दिसेल. पट्टीने मोजा. वेळ चौपट, पण कड्याची जाडी जेमतेम दुपटीच्या घरात.

आणखी एक हिशेब शिक्षकांनी वर्गात द्यावा. पिंपात 54 अंशांचे 100 लिटर पाणी आहे. त्यात 28 अंशांचे 20 किलो कंद टाकले. कंदाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या नऊ दशांश धरली, तर मिश्रणाचे तापमान किती? उत्तर 50 अंश येते. चार अंशांचा हा उतार भरून काढला नाही, तर उपचार नावापुरताच होतो.

खानदेशात ऊतिसंवर्धित रोपे रूढ झाल्यापासून बेण्याची ही वाट बरीचशी बंद झाली. झाडाच्या वाढबिंदूचा इवलासा तुकडा निर्जंतुक बरणीत वाढवतात. त्यात भुंगेरा मावणार कोठून? तरी विषाणू अशा तुकड्यातूनही येऊ शकतात, म्हणून मातृवृक्षाची तपासणी टळत नाही. शिवाय असे स्वच्छ रोप जुन्या, किडक्या बागेच्या जागी लावले, तर तेथे दडलेले भुंगेरे त्याच्याकडे येतातच. हा किडा एक वर्षाहून अधिक जगू शकतो, आणि ओलाव्यात काही महिने उपाशीही राहतो.

अशा बागेत सापळा कामी येतो. काढणी झालेल्या झाडाच्या खोडाचा हातभर तुकडा उभा चिरून, कापलेली बाजू जमिनीकडे करून बुंध्याशी ठेवतात. ताज्या खोडाच्या वासाने भुंगेरे रात्री खाली जमतात. नराच्या अंगातून सुटणाऱ्या गंधद्रव्याची रचना 1995 साली कळली. तेव्हापासून कृत्रिम गंधाचे सापळेही बनतात, पण शाळेच्या प्रयोगाला खोडाचा तुकडा पुरे. सापडलेल्या भुंगेऱ्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यावा, बागमालकाची परवानगी घेऊन ते त्याच बुंध्याशी सोडावेत आणि दर आठवड्याला कोणत्या सापळ्यात किती ठिपकेवाले आले याची नोंद ठेवावी. प्रयोग संपल्यावर सापडलेले सारे साबणाच्या पाण्यात टाकावेत.