बटण दाबल्यानंतरचा सराव

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था मुंबईत 1854 साली स्थापन झाली. छायाचित्रणाच्या शोधाची पॅरिसमध्ये घोषणा झाली ती 1839 मध्ये. म्हणजे जेमतेम पंधरा वर्षांत हा नाद मुंबईत पोचला होता. सोसायटीत वावरणाऱ्या अनेकांचं पोट फोटोंवर नव्हतं. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्यांतलेच एक, पेशाने डॉक्टर. त्याच दशकात ओल्या काचेची पद्धत रूढ झाली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगोलग अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. काच वाळली की सगळी मेहनत वाया. मुंबईच्या उन्हाळ्यात तिला वाळायला वेळ लागत नसे. एवढा उपद्व्याप माणसं निव्वळ हौसेपोटी करत होती.

आपल्याकडचा छायाचित्रणाचा इतिहास बहुधा स्टुडिओंपासून सांगितला जातो. मला तो हौशी माणसांपासून सांगावासा वाटतो, कारण पुढे मोठे ठरलेले काही जणही आधी नोकरी सांभाळून हा छंद करणारे होते. राजा दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात होते. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो तिशीच्या आसपास. निजामाचा दरबार, 'राजा' हा किताब आणि मुंबईतला स्टुडिओ हे सगळं त्यानंतरचं.

पण हात कसा सुधारतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण मला दादासाहेब फाळक्यांचं वाटतं. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले, गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ थाटला. 1912 साली इंग्लंडहून चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि बी रुजून वेल होईपर्यंत जवळजवळ महिनाभर चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' ही ती मिनिटभराची फिल्म पाहून काही जण त्यांना कर्ज द्यायला तयार झाले आणि 'राजा हरिश्चंद्र'चा मार्ग मोकळा झाला. भांडवल उभं करायची युक्ती म्हणून ती नोंदली गेली आहे. मला मात्र तिच्यात सरावाचा धडा दिसतो. जागा तीच, कुंडी तीच, रोज पाहायचं तेही तेच. अशा वेळी उजेड बोटभर सरकला तरी डोळ्याला कळतं. दर रविवारी नवं ठिकाण गाठणाऱ्याला हेच कळायला फार वर्षं जातात.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांना कॅमेरा शिकवला त्यांचे पती माणेकशॉ व्यारावाला यांनी, आणि होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले तेही त्यांच्याच नावावर. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंना पद्मविभूषण मिळालं ते 2011 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. त्यांच्या हातातल्या रोलायफ्लेक्समध्ये 120चा रोल बसायचा. बडोद्यात बनणाऱ्या आणि पुढे असंख्य मध्यमवर्गीय घरांत पोचलेल्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीमध्येही तोच रोल. दोन्हींत बारा चौकोनी फोटो.

त्या बारांचं कौतुक अनेकदा काटकसरीच्या अंगाने होतं: रोल महाग, म्हणून माणूस विचार करून बटण दाबायचा. हे खरं आहे, पण अर्धंच. रोल धुऊन आला की बाराही फोटो एकाच वेळी समोर यायचे. हललेला, मान कापली गेलेला, आत्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला, आणि एखादाच साधलेला. साधलेला नेमका का साधला, हे बाकीच्या अकरांशेजारी ठेवल्यावरच उमगायचं. आज फोनमध्ये एका सहलीचे चारशे फोटो असतात आणि ते पुन्हा उघडून बघायला कुणाला सवड नसते. हौशी माणसाचा हात अडतो तो इथे. महागडी लेन्स घेऊन ही अडचण सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्वतःचे फोटो ओळीने पाहायला बसलं की चुकांचीही एक रीत दिसू लागते. वारीतले फोटो काढून बघा. फ्रेम पांढऱ्या सदऱ्यांनी आणि टोप्यांनी भरली की ते शुभ्र कपडे करडे, मळकट येतात. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडाचं नेमकं उलटं होतं. दगड फिका पडतो, त्याचा थंड गडदपणा हरवतो. कारण एकच. समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. म्हणून पांढऱ्यासाठी एक्सपोजर पायरीभर वाढवायचं, काळ्यासाठी पायरीभर उतरवायचं. हा नियम पुस्तकात दोन ओळींचा असतो, पण अंगवळणी पडतो तो आपलेच करडे वारकरी पाहून हळहळ वाटल्यावर.

या दिवाळीत पणतीवर हे करून पाहता येईल. भोवतीच्या अंधाराला भुलून कॅमेरा जास्त उजेड घेतो आणि ज्योतीचा पांढरा ठिपका होतो. फ्लॅश आधी बंद करावा, कारण पणतीचा उजेड तोच मारून टाकतो. बहुतेक फोनमध्ये ज्योतीवर बोट टेकवलं की उजेड कमी-जास्त करायची खूण येते. ती खाली ओढावी. ज्योतीचा आकार परत येतो, मग कडेला तेलाची चकाकी दिसू लागते. कोपर भिंतीला टेकवावं, म्हणजे हात हलणार नाही. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स आपोआप ठेवला तर तो ज्योतीचा पिवळेपणा दोष समजून कमी करू पाहतो. तिथे ऊन ही खूण निवडावी. कंदिलासाठी मिट्ट काळोखाची वाट पाहू नये. दिवेलागणीला आकाशात निळाई शिल्लक असते, तेव्हा कंदील आणि आकाश दोन्ही फोटोत उतरतात.

निसर्गाच्या फोटोंची हौस महाराष्ट्रात जोरात आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. भिगवणला रोहित पक्षी पाहायला पहाटे होड्या निघतात, कास पठारावर फुलांच्या हंगामात रीघ लागते. पश्चिम घाटाबरोबर कास 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं. त्याच पठारावर फुलांत लोळून काढलेले फोटो पाहिले की जीव तुटतो. घरट्यावर टपून, पिलांना भरवायला येणाऱ्या पक्ष्याला बिचकवून काढलेला फोटो कितीही स्वच्छ असो, कोणत्याही प्रदर्शनात तो लावू नये.

कोणत्याही अवजारापेक्षा नव्या माणसाला दुसऱ्या हौशींची सोबत जास्त उपयोगी पडते. आपला फोटो चार जणांच्या पुढ्यात ठेवून गप्प बसायचं आणि ते काय म्हणतात ते ऐकायचं. त्यासाठी वर्षभरातले बारा फोटो निवडून त्यांच्या प्रिंट काढाव्यात. सगळ्यांत मोठं काम निवडीचंच असतं. कोणता ठेवायचा आणि जवळजवळ तसाच दुसरा का वगळायचा, हे घरच्या कुणाला तरी मोठ्याने सांगून पाहावं. प्रिंट मिळाल्यावर मागे मऊ पेन्सिलीने वर्ष, गाव आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहावीत. पावसाळ्यात ओल लागून बुरशी धरते, म्हणून अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, आणि माळ्यावर पडलेले जुने रोल असतील तर तेही या सुट्टीतच खाली काढून स्कॅन करायला द्यावेत.